कैद्याच्या घरची चूल



वसंत व्याख्यानमालेत तुरुंगाचा विषय निघाला की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रथम थोर माणसे येतात. मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिणारे टिळक येतात, धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलणारे विनोबा येतात. हे सारे वंदनीय आहे. पण मी आयुष्यभर कामगारांत वावरलेला माणूस, आणि जे वाचले ते वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. त्यामुळे माझी नजर थोडी वेगळीकडे जाते. कमावता माणूस आत गेला त्या महिन्याचा किराणा कोणी भरला, असा प्रश्न मला पडतो. न्यायाधीश शिक्षा एकाला सुनावतो आणि ती भोगते सगळे घर. या घराला आपल्या समाजाने कधी, कशी आणि कोणत्या अटीवर मदत केली, याचा थोडा इतिहास आज मांडावा असे मनात आहे. इतिहासाचा प्राध्यापक जसा सांगेल तसा तो असणार नाही, हे अगोदरच सांगून ठेवतो.

प्रारंभ आपल्या प्रांतापासून फार दूर, दक्षिण आफ्रिकेत करावा लागतो; कारण कैद्यांच्या कुटुंबांचा प्रश्न ज्याने हिशेबाच्या वहीत मांडला असा पहिला हिंदी पुढारी तेथे होता. ट्रान्सवालमध्ये गांधीजींचा सत्याग्रह लांबत गेला, माणसे पुन्हा पुन्हा तुरुंगात जाऊ लागली. मागे राहिलेल्या कुटुंबांना दरमहा रोख रक्कम द्यावी लागे, आणि ती ज्याची जशी गरज तशी. ज्यांनी कधी कोठला निधी चालवला असेल त्यांना यातली गोम ताबडतोब कळेल. पाच माणसांच्या घराला एक रक्कम आणि एकट्याला दुसरी, हे ठरवायचे कोणी? जो संकोची तो कमी मागतो, जो धीट तो जास्त मागतो, आणि प्रामाणिक माणसाचेच नुकसान होते. शिवाय पैसा आटत चाललेला. मुंबईचे रतन टाटा यांनी १९०९ साली २५ हजार रुपये पाठवले, गोखल्यांनी इकडे वर्गणीसाठी खटपट केली. तरी लढा किती वर्षे चालेल याचा भरवसा नव्हता.

मग १९१० साली हर्मन कॅलनबाख या जर्मन मित्राने जोहान्सबर्गपासून सुमारे २१ मैलांवरची आपली ११०० एकर जमीन विनाभाडे दिली आणि टॉल्स्टॉय फार्म उभे राहिले. सत्याग्रह्यांची कुटुंबे तेथे एकत्र राहू लागली. स्वयंपाकघर एक, कपडे साधे, आणि काम सर्वांना. कॅलनबाख ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात जाऊन चपला शिवायला शिकून आले आणि त्यांनी ते काम इतरांना शिकवले. गुजराती होते, तमिळ होते. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती सगळे होते. मुसलमान आणि ख्रिस्ती भगिनींना मांसाहार हवा असेल तर तो देण्याची गांधीजींची तयारी होती. त्या भगिनींनीच एका स्वयंपाकघरावर समाधान मानले. मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही की, मदत घेणारा येथे हात पसरणारा राहिला नाही. त्याच्या ताटात जे पडले त्यात त्याच्या स्वतःच्या घामाचा वाटा होता. दान आणि वर्गणी यांतला हा फरक आहे, आणि माझ्या साऱ्या विवेचनाचा धागा तोच आहे.

आता आपल्या घराकडे वळू. टिळकांवर १८९७ साली राजद्रोहाचा पहिला खटला झाला तेव्हा बंगालमधून बचावासाठी पैसा आला आणि बॅरिस्टरही आले. ही मदत एका पुढाऱ्याच्या बचावासाठी होती, आणि ती योग्यच होती. १९०८ च्या जुलैत त्यांना ६ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने ६ दिवस काम बंद ठेवले. हा प्रसंग आम्ही संघटनेची माणसे दरवर्षी अभिमानाने सांगतो. पण त्या ६ दिवसांत गोळीबार झाला, कामगार मेले, कामगारांना शिक्षा झाल्या. ते बहुतेक कोकणातले आणि घाटावरचे. घरी मनिऑर्डर पाठवणारे. ती मनिऑर्डर ज्या महिन्यात आली नाही त्या महिन्याबद्दल आपली पाठ्यपुस्तके एक ओळही खर्चत नाहीत. पुढाऱ्याच्या तुरुंगवासाला चरित्रकार मिळतो. कामगाराचा तुरुंगवास पोलिसांच्या रजिस्टरात संपतो.

पुढे कामगार चळवळ स्वतःच्या पायावर उभी राहिली आणि तिलाही हा प्रश्न चुकला नाही. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली आणि ३१ जणांना मीरतला नेण्यात आले. त्यांत डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, अधिकारी ही मुंबईची मंडळी होती. आळवे आणि कासले हे गिरणीतलेच कामगार होते. ज्या गिरणी कामगार युनियनचे सभासद पन्नास हजारांवर गेले होते तिचे डोकेच सरकारने उचलून नेले. मुंबईच्या माणसांचा खटला मीरतला का? तेथे ज्यूरी बसवावी लागत नव्हती, हे त्यातले एक कारण. बचाव समितीसाठी मोतीलाल नेहरूंनी पुढाकार घेतला, इंग्लंडातही समिती निघाली, आइन्स्टाइन आणि रोमाँ रोलाँ यांच्यासारख्यांनी निषेध केला. हे सर्व झाले तरी सत्र न्यायालयाचा निकाल लागायला १९३३ चा जानेवारी उजाडला. काही जण तेथे सुटले, आणखी काहींना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले, बहुतेकांच्या शिक्षा खूपच कमी केल्या. म्हणजे निर्दोष ठरलेली माणसेही चार वर्षांच्या आसपास या खटल्यात अडकून पडली होती! परळच्या चाळीतून मीरतला भेटीस जाण्याचे भाडे किती आणि गिरणीतला पगार किती, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा. आइन्स्टाइनच्या पत्राने त्या चाळीतली चूल पेटत नव्हती. अशा प्रसंगी वर्गणीचा डबा फिरवण्याची रीत कामगार वस्त्यांत रुजली. संपात जी चालते तीच रीत तुरुंगासाठी वापरायची, एवढेच.

मराठवाड्याची कथा निराळी आहे. येथे निजामाचे राज्य. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानलांच्या तुकडीने हैद्राबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. स्वामी रामानंद तीर्थ आणि शेकडो कार्यकर्ते तुरुंगात गेले. त्याच सुमारास, नोव्हेंबरमध्ये, आपल्या औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील मुलांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला आणि ती चळवळ हैद्राबादेस उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोचली. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे प्रवेश दिला. कुलगुरू केदारांचा तो निर्णय मी या विषयातली एक मोठी मदत समजतो. ती देणगी नव्हती. एका दारातून हाकललेल्या मुलांना दुसरे दार उघडून दिले, इतकेच. पण त्यामुळे कित्येकांचे आयुष्य उभे राहिले.

आर्य समाजाच्या १९३९ च्या सत्याग्रहामागे अखिल भारतीय संघटना होती. सोलापुरात त्यांचे केंद्र होते, उत्तरेतून तुकड्या येत, आणि गुलबर्गा, औरंगाबाद, हैद्राबाद येथील तुरुंग भरून गेले. स्टेट काँग्रेसच्या पाठीशी असे बळ नव्हते. संस्थानांतील लढे तेथल्या प्रजेने स्वतःच लढवावेत असे राष्ट्रीय सभेने हरिपुरा येथे १९३८ च्या फेब्रुवारीत ठरवले होते. तेव्हा मराठवाड्यातला शाळामास्तर आत गेला की त्याच्या घरचे पाहायचे कोणी? भावाने, सासऱ्याने, गावातल्या आप्ताने. शेतातला वाटा घरी येत असे, भाकरी मोजली जात नसे. एकत्र कुटुंब हाच त्या काळचा सत्याग्रह निधी होता, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. त्या कुटुंबातल्या स्त्रियांवर त्याचा केवढा भार पडला असेल हेही लक्षात घ्यावे. परक्याच्या चुलीवर दोन वर्षे जेवणे गोड नसते. १९४७ च्या ऑगस्टपासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचे तेरा महिने तर याहून कठीण गेले; कित्येक कुटुंबे सीमा ओलांडून इंग्रजी मुलखात, म्हणजे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या हिंदुस्थानात, आश्रयाला गेली.

या घरांची सरकारी आठवण झाली ती १९७२ च्या १५ ऑगस्टला, केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेने. त्यासाठी सामान्यपणे सहा महिन्यांचा तुरुंगवास लागे; स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने. प्रथम ही योजना वर्षाला ५ हजार रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच होती. १९८० मध्ये ती अट गेली आणि नाव झाले ‘सन्मान’. पाहा, आठ वर्षांत गरिबाला दिलेली मदत शूराला दिलेला मान झाली. मानाला किंमत आली की बनावट दावेदारही येतात. आपल्याच बीड जिल्ह्यातील खोट्या स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणे वरिष्ठ न्यायालयांपर्यंत गेली, त्याबद्दल येथे अधिक बोलत नाही. आणीबाणीतल्या बंद्यांनाही २०१८ मध्ये राज्य सरकारने मानधन सुरू केले, २०२० मध्ये ते दुसऱ्या सरकारने बंद केले, २०२२ मध्ये तिसऱ्याने पुन्हा सुरू केले. कैद्याच्या घरची मदत राजकारणावर अवलंबून राहिली की तिची अशी गत होते. आमच्या रेल्वेच्या भावांनी मे १९७४ मध्ये वीस दिवसांचा संप केला, हजारोंनी अटक झाली, बायकामुलांना क्वार्टरमधून बाहेर काढण्यात आले. त्यांच्यासाठी मात्र सन्मानाचा शब्द अजून कोणाला सुचलेला नाही.

हे सर्व राजकीय किंवा चळवळीतले कैदी झाले. ज्याने चोरी केली, मारामारी केली, खून केला, किंवा यांपैकी काहीच न करता जो संशयावरून आत गेला, त्याच्या घराचे काय?

इंग्रज सरकारने १९१९-२० मध्ये कार्ड्यू समिती नेमली होती. सुटलेल्या कैद्याला मदत करणाऱ्या संस्था हव्यात असे तिनेही म्हटले. आपल्याकडे अशा संस्था निघाल्या आणि पुढे अनेक जिल्ह्यांत त्यांना ‘नवजीवन मंडळ’ असे चांगले नाव मिळाले. काम काय, तर सुटणाऱ्याला कपडे, प्रवासभाडे, जमल्यास हत्यारांचा संच किंवा एखादी नोकरी. मदत सुरू होते ती दार उघडल्यावर. दार बंद असताना घरात काय चालले आहे याकडे त्या मंडळींचे लक्ष क्वचितच जाई. गुन्हेगार जमाती कायद्याने तर याच्या उलटे टोक गाठले होते. १८७१ पासून एकट्या माणसाऐवजी सबंध जमातीलाच जन्मतः गुन्हेगार ठरवले गेले, आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत कुटुंबेच्या कुटुंबे राहिली. तेथले हात गिरण्यांना स्वस्तात मिळाले. तो कायदा १९५२ मध्ये गेला. त्याची सावली मात्र पारधी वस्तीवर आजही पडलेली आहे, हे पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या कोणालाही दिसते.

या अंधारात एक दिवा लागला तो औंधसारख्या चिमुकल्या संस्थानात. भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब यांच्या काळात, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेने, आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसले. भिंत नाही, बेड्या नाहीत. गंभीर गुन्ह्यांचे कैदी शेती करू लागले, आणि बायकामुले त्यांच्याबरोबर राहू लागली. यावरून स्फुरलेला शांतारामबापूंचा ‘दो आँखे बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट सर्वांना ठाऊक आहे. त्याची कथा त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांची. चित्रपट आपल्याला आठवतो तो जेलरच्या दोन डोळ्यांमुळे. मला स्वतंत्रपुरात जे खरे मोल वाटते ते त्या झोपडीतल्या चुलीचे. बाप आत आणि लेकरे रस्त्यावर, ही आपण स्वाभाविक मानलेली गोष्ट तेथे बंद झाली. आपल्या जिल्ह्यात पैठणला खुले कारागृह आहे. तेथेही कैदी शेती करतात. परंतु कुटुंबासह शिक्षा भोगू देण्याची स्वतंत्रपूरची कल्पना सगळीकडे का पसरली नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आता एक अनुभव सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. वीसेक वर्षांपूर्वी वाळूजच्या एका कारखान्यातला आमचा सभासद गावी बांधावरून झालेल्या भांडणात भावांसह अटकेत गेला. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. रांजणगावला एका खोलीत त्याची बायको आणि दोन मुले होती. तिसऱ्या आठवड्यात ती युनियनच्या ऑफिसात आली. कार्यकारिणीत दोन तट पडले. एक सभासद म्हणाला, “हा काही संपात आत गेलेला नाही. ज्याचे डोके फुटले त्याच्या घरी आपण कोणी गेलो का?” प्रश्न खरा होता आणि तो टोचला. कायद्याचीही अडचण होती. तेव्हा लागू असलेल्या १९२६ च्या कामगार संघटना कायद्याच्या १५ व्या कलमात निधी कशावर खर्चावा याची यादी होती: मृत्यू, म्हातारपण, आजार, अपघात, बेकारी, मालकाशी संबंधित खटले. तुरुंग त्यात नव्हता. म्हणून निधीला हात न लावता पगाराच्या दिवशी गेटवर डबा फिरवला. पाकीट घेऊन आम्ही गेलो तर ती बाई म्हणाली, “दादा, एक महिना घेते. पुढच्या महिन्यापासून मला काम द्या.” कँटीनच्या ठेकेदाराकडे शब्द टाकला. त्याने होकार दिला, आणि नवरा आत आहे असे कळताच नकार दिला. अखेर डबे पोचवणाऱ्या एका खाणावळीत ती पोळ्या लाटू लागली.

जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळेना. सातबारा असलेले जे जवळचे नातेवाईक ते सगळे त्याच भांडणात आरोपी, आणि कामगाराच्या खोलीशेजारचे भाडेकरू कोणाच्याच ऐपतीत बसेनात. माणूस सव्वादोन वर्षांनी निर्दोष सुटला. कारखान्याने परत घेतले नाही.

ज्याचे डोके फुटले त्याच्या घरी कोण जाणार, या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर असे की दोन्ही घरी जायला हवे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला कामाचा न्याय्य मोबदला द्यावा असे म्हटले, तेव्हाच त्यातला काही भाग गुन्ह्याने ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी बाजूला काढावा असेही म्हटले. कैद्याचे घर उपाशी ठेवल्याने दुसऱ्या घरात काही शिजत नाही. आणि आत असलेल्यांपैकी बहुतेकांवर गुन्हा सिद्धच झालेला नसतो: २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. मोतीराम नावाच्या गरीब गवंड्याचा खटला १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याच्याकडून १० हजारांचा जामीन मागितला होता, आणि जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्याबद्दल कठोर शब्द वापरले. त्याला आता साडेचार दशकांहून अधिक काळ लोटला. तरी परभणी-हिंगोलीहून वाळूजला आलेल्या पोराची अडचण अजून तीच आहे. एकत्र कुटुंबाचा जुना निधी त्याच्यामागे नाही, आणि शहराने त्याला नवा निधी दिलेला नाही.

अलीकडे दोन गोष्टी झाल्या आहेत, त्या मला बऱ्या वाटतात. १ मे २०२२ रोजी येरवड्याला ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू झाली. राज्य सहकारी बँक शिक्षा झालेल्या कैद्याला त्याच्या आतल्या मजुरीवर ५० हजारांपर्यंत कर्ज देते, व्याज ७ टक्के, तारण नाही, जामीनदार नाही. मुलीची फी, आईचे औषध, वकिलाचा खर्च त्यातून भागतो आणि हप्ता त्याच्या मजुरीतून वळता होतो. व्याज कमी असावे असे मी म्हणेन. पण आतला माणूस घरचा कमावता राहतो, त्याच्या मुलाला शेजाऱ्याच्या उपकाराखाली वाढावे लागत नाही, हे कोणत्याही देणगीहून मोठे आहे. टॉल्स्टॉय फार्मवर जे तत्त्व होते ते येथे बँकेच्या खतावणीतून आले. मे दिनी आले, याचा मला व्यक्तिशः आनंद आहे.

दुसरी केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी (२०२३ च्या मूळ नियमांत अनुक्रमे ४० हजार आणि २५ हजारांपर्यंत) रक्कम सरकार न्यायालयात भरते. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने ते मंजूर करायचे असते. भ्रष्टाचार, अमली पदार्थ, काळ्या पैशाची फिरवाफिरव आणि दहशतवादविरोधी कायद्याखालचे आरोपी यात बसत नाहीत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही तर तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे, अशी तिची रीत. मात्र घरच्यांना हे ठाऊक नसते आणि तुरुंगातला कारकून कामात बुडालेला असतो. म्हणून आमच्या ऑफिसात आता आम्ही एक वही ठेवली आहे. कोणाच्या घरचा माणूस आत आहे, जामीन कोणत्या तारखेला झाला, सातवा दिवस कोणता, एवढेच तिच्यात लिहितो. आणि आठव्या दिवशी घरच्या माणसाला घेऊन आमच्यातला एक जण जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जातो. जाताना आधारकार्डाची प्रत आणि जामिनाच्या हुकुमाची प्रत बरोबर न्यावी लागते.